कॉम्प्युटर बंद होईना, आणि दुकानात उत्तर एकच: "फॉरमॅट मारावं लागेल"

मंडळी, आज रस्ता, पाणी, नगरपालिका यातलं काही नाही. विषय वाचून काहीजण म्हणतील, भाऊंकडे बातम्या संपल्या वाटतं. पण जरा वाचा. हाही सार्वजनिकच विषय आहे, फक्त तो घराघरात वेगवेगळा भोगला जातो म्हणून त्याचा मोर्चा निघत नाही.

गेल्या महिनाभरात मला या एकाच तक्रारीचे चार-पाच फोन आले. (पत्रकाराला कॉम्प्युटरसाठी कोण फोन करतं? आपल्याकडे करतात. लाईट गेली तरी करतात.) "दादा, शट डाउन दाबलं की नुसतं गोल फिरत बसतंय." "बंद केलं की आपोआप परत चालू होतंय." "स्क्रीन काळी होते, पण आतला पंखा सुरूच." एका निवृत्त गुरुजींनी तर सरळ विचारलं, "रोज रात्री मागची वायर उपटतो, चालतं का?"

यातले बहुतेक जण आधी दुकानात जाऊन आले होते. दुकानात मिळालेलं उत्तर सगळ्यांचं सारखं. विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल.

एका महिला बचत गटाच्या सचिव ताईंनी मारून घेतलं. लॅपटॉप बंद होत नव्हता, एवढीच तक्रार. बाकी सगळं चालू होतं. दुकानदाराने विचारलं, "डी ड्राइव्हला हात लावत नाही, चालेल ना?" त्या म्हणाल्या चालेल. आता सी ड्राइव्ह काय अन् डी ड्राइव्ह काय हे त्यांना कोणी कधी सांगितलंय? त्यांचा सगळा हिशेब डेस्कटॉपवर होता. समोर दिसतो तो डेस्कटॉप, त्यावर फाईल ठेवली की ती समोर दिसते, सापडते. माणूस तसंच करणार. पण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही सर्वसाधारणपणे सी ड्राइव्हमध्येच असतात. तीन वर्षांचा हिशेब गेला. कर्जवाटप, हप्ते, व्याज, सभेचे इतिवृत्त, सगळं. नंतर पंधरा बायकांची पासबुकं समोर घेऊन त्या आणि त्यांची मुलगी रात्री जागून परत वही लिहीत होत्या. आणि अशा वेळी गटात काय होतं ते सांगायची गरज नाही. "हिशेब उडाला की उडवला?" हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. कॉम्प्युटर बंद होत नव्हता, त्याची किंमत एका बाईच्या प्रामाणिकपणापर्यंत गेली.

मूळ बिघाड काय होता? कोणालाच माहीत नाही. कारण तो कोणी बघितलाच नाही.

म्हणून आधी हे समजून घेऊ की बंद करणं म्हणजे नक्की होतं काय. जुन्या, नव्वदच्या दशकातल्या मशिनना खरा खटका असायचा. विंडोज ९५ मध्ये शट डाउन दिलं की शेवटी नारिंगी अक्षरात एक पाटी यायची, आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही अशा अर्थाची, आणि मग आपण हाताने खटका दाबायचा. ज्यांनी सुरुवातीच्या काळात कॉम्प्युटर क्लास केला त्यांना आठवत असेल. पुढे एटीएक्स नावाचा पॉवर सप्लाय आला आणि बटणाचं काम बदललं. आता समोरचं बटण वीज तोडत नाही. ते फक्त मशिनला कळवतं की मालकाला बंद करायचंय. मग विंडोज प्रत्येक चालू प्रोग्रॅमला विचारतं, आवरलं का? प्रत्येक सर्व्हिसला, प्रत्येक ड्रायव्हरला विचारतं. सगळ्यांनी हो म्हटलं की मग मदरबोर्डला सांगतं, तोड आता. सरकारी फाईल कशी टेबलाटेबलावरून फिरते, तसंच. एका टेबलावरचा कारकून रजेवर असला की फाईल तिथेच. गोल फिरणारे ठिपके म्हणजे ती अडकलेली फाईल.

त्यात २०१२ साली विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाचा प्रकार आला. मशिन लवकर सुरू व्हावं म्हणून शट डाउन दिल्यावर ते पूर्ण बंदच होत नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणजे कालचा अडकलेला ड्रायव्हर आज सकाळी परत अडकलेलाच. गंमत अशी की रिस्टार्टमध्ये हे होत नाही, रिस्टार्ट खरंच नव्याने सुरू करतो. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'अप टाइम' बघा. रोज रात्री बंद करणाऱ्या गुरुजींच्या मशिनवर तो आकडा १९ दिवसांचा निघाला. गुरुजी म्हणाले, "म्हणजे मी रोज बंद करतोय आणि ते रोज मला फसवतंय?" मी म्हणलं, तसंच काहीसं.

हे बघायला पैसे लागत नाहीत. शिफ्टचं बटण दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, त्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. तसं केल्यावर मशिन नीट बंद झालं, तर चोर बहुतेक फास्ट स्टार्टअपच. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांनी काय करावं हा पर्याय, वर 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते ती दाबायची, आणि खाली फास्ट स्टार्टअपपुढची खूण काढायची. झालं. सकाळी सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, लागू द्या. गुरुजींचं एवढ्यानेच भागलं. वायर उपटणं थांबलं.

बंद केल्यावर आपोआप परत चालू होणारं मशिन ही वेगळी भानगड. पुष्कळदा ते बंद होता होता कोसळतं, आणि विंडोजची मूळ सेटिंगच अशी असते की कोसळलं की स्वतः परत सुरू व्हायचं. आपल्याला दिसतं ते फक्त 'परत चालू झालं'. सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे, तिथली ऑटोमॅटिक रिस्टार्टची खूण काढली की पुढच्या वेळी निळी स्क्रीन थांबून राहते. त्यावरच्या मजकुराचा मोबाईलने फोटो काढा. दुरुस्तीवाल्याला निम्मं उत्तर तिथेच मिळतं. कधी कधी कारण त्याहून साधं असतं, माऊस किंवा नेटवर्क कार्डाला मशिन जागं करायची परवानगी दिलेली असते आणि टेबलाला धक्का लागला तरी ते उठतं.

रिस्टार्ट मध्येच अडकत असेल तर आधी मागे-पुढे लावलेलं सगळं काढा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, बायोमेट्रिकचं यंत्र, डोंगल. विसरलेल्या पेनड्राइव्हवरून मशिन सुरू व्हायला बघतं आणि काळ्या स्क्रीनवर बसून राहतं, हे मी स्वतः बघितलंय. नंतर सेफ मोड. सेफ मोडमध्ये नीट बंद होत असेल तर विंडोज उडालेलं नाही, बाहेरून घातलेला एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर आडवा येतोय. दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर पहिला संशय त्यांच्यावर घ्या. आपल्याकडे एक दुकानदार टाकतो, दुसरा त्यावर दुसरा टाकतो, पहिला कोणी काढत नाही.

आणि अपडेट चालू असेल, स्क्रीनवर 'बंद करू नका' लिहिलेलं असेल, तर खरंच बंद करू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तासभर लागू शकतो. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चाललंय असं समजा. तासन् तास काहीच हललं नाही तर शेवटचा उपाय म्हणून पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा. नवीन लॅपटॉपची बॅटरी निघत नाही, तिथे दुसरा मार्गही नाही. पण ही सवय करू नका. लिहिणं चालू असताना वीज तोडली की फायली अर्धवट राहतात, आणि ज्या डिस्कला आधीच घरघर लागलीय तिचं लवकर आटोपतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा प्रत्येक फाईल उघडायला युगं लागत असतील, तर बाकी सगळं सोडा आणि पहिल्यांदा डेटा दुसरीकडे कॉपी करा. बंद होणं-न होणं नंतर.

आता यात मी काही विशेष सांगितलं का? नाही. यातलं बरंचसं अर्ध्या तासात तपासून होतं. मग दुकानात का होत नाही?

दुकानदाराला शिव्या घालणं सोपं आहे, मी घालणार नाही. त्याची बाजू बघा. फॉरमॅटचे चार-पाचशे रुपये मिळतात. काम ठरलेलं, वेळ ठरलेली, पोरगा करतो, मशिन नव्यासारखं पळतं, गिऱ्हाईक खूश. याउलट तासभर बसून शोधलं आणि शेवटी एक खूण काढली, तर गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याचे तीनशे?" शोधण्याचे पैसे द्यायची आपल्याला सवयच नाही. डॉक्टरने गोळी दिली नाही तर आपल्याला फी जड वाटते, तसंच हे. म्हणजे फॉरमॅटच्या या धंद्याला आपणही हातभार लावलाय.

पण एक गोष्ट दुकानदारांनीही ऐकून घ्यावी. बऱ्याच ठिकाणी फॉरमॅट मारून जे विंडोज टाकलं जातं ते बिनपरवान्याचं असतं, कुठून तरी उतरवलेल्या ॲक्टिव्हेटरने चालू केलेलं, आणि पकडलं जाऊ नये म्हणून त्याचे अपडेट बंद केलेले. गिऱ्हाईक ओरिजिनल समजून घरी नेतं. ज्या लॅपटॉपसोबत कंपनीचं खरं विंडोज आलेलं असतं, त्यावरही हेच टाकलेलं मी बघितलंय. हे कशाला? परवाना त्याच मशिनमध्ये नोंदलेला असतो, खरं विंडोज टाकलं तर बहुतेक वेळा आपोआप चालू होतं. त्याच मशिनवर मग तीच माणसं बँकेचं काम करतात, पीकविम्याचा फॉर्म भरतात, आधार टाकतात.

कंपन्यांचंही धुतल्या तांदळासारखं नाही. १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा पाठिंबा थांबवला, आणि फेब्रुवारीत जगभरातल्या लोकांच्या स्क्रीनवर संदेश यायला लागला की हा कॉम्प्युटर बंद करायची तुम्हाला परवानगी नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेलं मशिन, स्वतःच्या घरात, आणि परवानगी नाही! लोकांनी आपापल्या खटपटीने उपाय शोधले. २०२६ च्या जानेवारीत विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर काही कार्यालयीन मशिन बंद व्हायच्या ऐवजी रिस्टार्ट व्हायला लागली. तिथे मात्र चार दिवसांत दुरुस्ती आली, कारण ते मोठे ग्राहक. आणि १९ जुलै २०२४ आठवत असेल. क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष फाईल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख मशिन निळ्या स्क्रीनवर गेली, कित्येक तर रिस्टार्टच्या चक्रातच अडकली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल उडवायची. फॉरमॅट नाही! पण ती उडवायला प्रत्येक मशिनपाशी ते जाणणारा माणूस लागत होता.

तो माणूस तालुक्याला आहे का, हा माझा आजचा मुद्दा आहे.

कारण पुढचं संकट दारात उभं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते, इंटेलचा साधारण आठव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६-१७ साली घेतलेलं, आजही व्यवस्थित चालणारं मशिन कंपनीच्या लेखी बाद. घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळायची सोय आहे, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकटसुद्धा. युरोपात ग्राहक संघटनांनी दबाव आणला, तर तिथल्या लोकांसाठी बॅकअपची अटही सैल केली. आपल्याकडे ही सोय आहे हेच किती जणांना माहीत आहे? दुकानात गेलं की "जुनं झालंय, नवीन घ्या" किंवा फॉरमॅट. मुलाच्या शिक्षणासाठी हप्त्याने घेतलेलं मशिन असतं ते. भंगारवाला किलोवर घेतो.

देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. चांगलं आहे. पण पोर्टल बघायला कॉम्प्युटर चालू लागतो, आणि आपल्या बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्यापर्यंत त्यातलं काय पोचलं ते त्यालाच विचारा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी गुण लिहावे लागतात, हा दुरुस्त करायला किती सोपा म्हणून. गिऱ्हाईक घेतानाच बघतं.

लांब कशाला, केरळ बघा. तिथल्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं मुक्त प्रणाली वापरतात, परवान्याचा खर्च नाही, जुनी मशिनही चालतात. 'लिटल काइट्स' नावाने शाळेतल्या पोरांचे गट आहेत, त्यांना हार्डवेअरचंही शिकवतात. आपल्याकडे? आपण २००१ पासून एमएस-सीआयटी करतोय. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र सक्तीचं केलं म्हणून घराघरात ते आहे, फाईलला लावलेलं. हा अभ्यासक्रम वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्याने माऊसची भीती घालवली हे खरं आहे. पण प्रमाणपत्र असलेल्या किती जणांना सी ड्राइव्ह आणि डेस्कटॉपचं नातं माहीत आहे? बचत गटाच्या त्या ताईंकडेही प्रमाणपत्र आहे. चांगले गुण आहेत.

आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा ट्रेड असतो. पोरं शिकून बाहेर पडतात आणि पुण्यात डिलिव्हरीच्या गाडीवर बसतात. दुसरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत कॉम्प्युटर धूळ खातायत, ग्रामपंचायतीचा परिचालक स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करतोय. ही दोन टोकं जोडायला मोठी योजना लागत नाही. नगरपालिकेच्या वाचनालयात आठवड्यातून एक दिवस, एक टेबल, आयटीआयचे दोन विद्यार्थी आणि एक निदेशक. फी पन्नास रुपये ठेवा, फुकट नको, फुकटची किंमत नसते. काम फक्त निदानाचं. बिघाड काय, डेटा कुठे आहे, दुरुस्ती लागेल का, एवढं कागदावर लिहून द्यायचं. मग तो कागद घेऊन माणूस कुठल्याही दुकानात जाईल. दुकानदाराचा धंदा बुडणार नाही, उलट शोधायचा वेळ वाचेल.

मी हे मुख्याधिकाऱ्यांना आणि आयटीआयच्या प्राचार्यांना लेखी देतोय. नगरसेवक मंडळी ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे, लाईक करत नाहीत तरी वाचतात. त्यांनी सभेत विषय घ्यावा. सोबत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय की नगरपालिका आणि पंचायत समितीच्या कॉम्प्युटरच्या वार्षिक देखभालीचा करार कोणाशी आहे, किती रुपयांचा आहे, आणि गेल्या वर्षी किती मशिन दुरुस्त झाली. दाखल्यासाठी गेलं की "मशिन हँग आहे, उद्या या" ऐकावं लागतं, त्या हँगचे पैसे आपण भरतोय. सेवा हमी कायदा २०१५ चा आहे. त्यात दाखल्याला मुदत घातलेली आहे, मशिन हँग असल्याची सवलत माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

तोवर तुमचं मशिन दुकानात टाकणार असाल तर एक करा. पावती घ्या. पावतीवर तक्रार लिहून घ्या: 'बंद होत नाही'. 'विंडोज खराब' असं लिहू देऊ नका, ते निदान झालं, तक्रार नव्हे. खाली लिहून घ्या की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स या चारही ठिकाणचा डेटा काढून दाखवल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. टॅली वापरत असाल तर टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेही. दुकानदाराची सही घ्या. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा, गावात आठ-दहा आहेत. पावती असली तर उद्या ग्राहक आयोगात जाता येतं, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते. पावती नसेल तर तुम्ही आणि तो, दोघांचे शब्द फक्त.

आणि ज्यांच्या मशिनची निळी स्क्रीन येते त्यांनी फोटो कमेंटमध्ये टाका. गावातले दोन जाणकार बघायला तयार झालेत. फोटो टाकताना बाजूला चिकटवलेला पासवर्डचा कागद दिसत नाहीये ना, तेवढं बघा.